वाचून फाडायचं कार्ड

आमच्या घराण्याचा सगळा इतिहास एका लोखंडी तारेवर मावत होता. लालबागच्या चाळीत आमची एकच खोली, आणि तिच्यात देवांच्या फळीशेजारी एका खिळ्याला ही तार लटकलेली असे. खाली लाकडाची चकती, वर आकड्यासारखं वळवलेलं टोक. पोस्टमन कार्ड टाकून गेला की बाबा ते आधी मनात वाचत, मग आत्याला मोठ्याने वाचून दाखवत आणि मग मधोमध टोक खुपसून खाली सरकवत. सगळ्यात जुनं कार्ड तळाला. जुनं काही शोधायचं तर वरची सगळी उतरवावी लागत, म्हणून आमच्याकडे कोणी कधी काही शोधलं नाही.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. कामावरून येऊन जेवायला बसले आणि बसल्या जागी गेले. त्यानंतर ती तार आणि कागदपत्रांची पत्र्याची पेटी माझ्याकडे आली. माझ्याकडे म्हणजे काय, दुसरं होतंच कोण? मी मॅट्रिक झालेली, फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट, आणि घरात आत्या, जिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. चुकले, एक येत होतं. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर असतं ते ‘श्री’ तिला ओळखू यायचं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचं लग्न झालं तेव्हा तिचे यजमान, माझे आतोबा, कराची बंदरात कामाला होते. कराची थोड्याच वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या मुंबई इलाख्यात होती. कोकणातला माणूस बोटीत बसून मुंबईला जायचा तसाच कराचीला जायचा, दोन्हीकडे तेच सरकार. तिथे खोली मिळाली की आतोबा तिला घेऊन जाणार होते. तेवढ्यात माझी आई माझ्या बाळंतपणात गेली आणि तान्ह्या पोरीला सांभाळायला आत्या थोड्या दिवसांसाठी म्हणून लालबागला आली, ती राहिलीच. आतोबा वर्षा-दोन वर्षांनी गणपतीला यायचे. मला त्यांचा चेहरा आठवत नाही, खांद्यावर बसवून परळपर्यंत नेलेलं तेवढं आठवतं. मग फाळणी झाली आणि कराची परमुलुखात गेली. त्यानंतर आतोबा आले नाहीत आणि त्यांचं कार्डही आलं नाही.

आत्याने वाट पाहिली. तिचं कुंकू चाळीत सगळ्यात मोठं, रुपयाएवढं. घरीच ती गिरणीतल्या गाववाल्यांची खाणावळ चालवायची. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात चाळीतली पोरं तुरुंगात जायची आणि सुटून यायची, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी निरांजन घेऊन आत्या उभी असायची. तो मान तिचा, कोणी तिला दिलेला नव्हता, तिने घेतला होता. संचारबंदीत ज्यांना घरी जाता आलं नाही अशा माणसांना तिने गॅलरीत ओळीने बसवून जेवू घातलं आणि वर सुनावलंही, की राज्य मिळेपर्यंत आमटी पातळच मिळेल.

बाबा जाऊन वर्ष व्हायच्या आतच, शिमगा झाल्यावर, आत्याचे धाकटे दीर गावाहून आले. बिचारे भले गृहस्थ. पेटीवर अवघडून बसले, चहा घेतला आणि मग खाली बघत बोलले.

“वयनी, आता बारा वर्षां झाली. आणि किती थांबूचां?”

त्यांच्या घरात मुलीचं लग्न ठरून मोडत होतं. देवाला कौल लावला, तर कौल असा आला की घरातला एक जीव वाटेत तळमळतोय, त्याची सुटका करा. बेपत्ता माणसाची बारा वर्षं बातमी नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. अग्नी दिला की माणूस गेला. आणि माणूस गेला की आत्याचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या.

आत्या पोळपाटावरून हात काढत म्हणाली, “तुमका कसां कळलां तो गेलो म्हणान?”

दिरांना तरी कुठे कळलं होतं? पुढच्या रविवारी मीच त्यांना घेऊन फणसवाडीत एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे गेले. चाळीतल्या कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नियम सांगितला. बारा वर्षं मोजायची ती शेवटच्या बातमीपासून. त्यानंतरचं एक कार्ड, एक चिठ्ठी, कोणी डोळ्यांनी पाहिल्याचा एखादा कागद जरी निघाला, तरी तिथून पुन्हा बारा वर्षं थांबायचं. नाही निघाला, तर विधी करून मोकळं व्हायचं. दीर म्हणाले, चैत्र संपेपर्यंत थांबतो. माणूस वाईट नव्हता म्हणूनच मला त्याचा जास्त राग येत होता. वाईट असता तर भांडता आलं असतं.

घरी येऊन आत्याला सांगितलं, तर तिने लगेच तारेकडे बोट दाखवलं. “एक तरी कागद गावूक होयो. मगे बघतंय कोण माझां कुकू पुसता तां.”

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. कचेरीतल्या एका जाणत्या साहेबांच्या सल्ल्याने कराचीच्या बंदर कचेरीला टाइप करून पत्र घातलं, दिल्लीलाही एक घातलं. दिल्लीहून सायक्लोस्टाइल केलेलं उत्तर आलं, त्यात रिकाम्या जागी आतोबांचं आडनाव चुकीचं भरलेलं होतं आणि माहिती उपलब्ध नाही असं म्हटलं होतं. कराचीहून काहीच आलं नाही. पेटीतले कागद धुंडाळले. लढाईच्या दिवसांतलं रेशनकार्ड, माझा देवी टोचल्याचा दाखला, बाबांचा गिरणीतला पितळी बिल्ला, आतोबांचा एक फोटो, त्याच्या मागे कराचीच्या स्टुडिओचा शिक्का. फोटोत ते खुर्चीत बसले होते आणि शेजारी दुसरी रिकामी खुर्ची होती. आत्या म्हणाली, ती माझी. ती कराचीला गेल्यावर त्याच स्टुडिओत पुन्हा फोटो काढायचा ठरला होता.

मग राहिली तार. रविवारी दुपारी खाणावळीची माणसं जेवून गेली, की मी जमिनीवर चटई टाकून एकेक कार्ड उतरवायची आणि आत्या भांडी घासता घासता बघायची. बाबांनी कार्डं मोठ्या निगुतीने लावली होती. संचारबंदीत टपाल अडायचं आणि मग सगळी कार्डं एकदम यायची, तेव्हासुद्धा तारखा बघून, पाठीपुढे करून ते तारेला लावायचे. त्यामुळे क्रमावर विसंबता येत होतं. अर्ध्या कार्डांवर टोक नेमकं पोस्टाच्या शिक्क्यातून गेलेलं होतं, पण खालचं आणि वरचं कार्ड पाहिलं की वर्ष कळायचं.

आतोबांची कार्डं जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेली. ओल लागली तिथे अक्षर पसरलेलं. मजकूर दर वेळी तोच, खोली बघतो आहे, पुढच्या खेपेला घेऊन जाईन. तळापासून वर येत गेले तशी ती विरळ होत गेली. शेवटचं फाळणीच्या आधीच्या उन्हाळ्यातलं. त्याच्यावर एकही नाही. मी सगळी कार्डं पुन्हा चाळली, एकमेकांना चिकटलेली वाफेवर सोडवली. नाहीच.

पण हे करताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आमच्या तारेवर कोणी मेलेलंच नव्हतं. बाळंतपणं होती, बारसी होती, आंब्याला मोहर आला होता, म्हैस व्याली होती, पण मरण एकही नव्हतं. तशी चाल आहे, आणि मला ती ठाऊक होती, तरी इतकी वर्षं तिचा अर्थ कधी डोक्यात शिरला नव्हता. मरणाच्या पत्रावर श्री नसतं. ते उंबऱ्याशीच वाचायचं, वाचून लगेच फाडायचं आणि आंघोळ करायची. घरात ते ठेवायचं नाही. म्हणजे मागे राहतात ती फक्त जिवंत माणसांची पत्रं. ज्या कागदाची मला गरज होती तो आमच्याकडे कधी राहणारच नव्हता.

माझ्या आईचंच बघा. गावचं घर माझे चुलत आजोबा, म्हणजे बाबांचे काका सांभाळायचे. त्यांची कार्डं तारेवर सगळ्यात जास्त. एका कार्डात ते लिहितात, सूनबाईस सुंठ पाठविली आहे, दुधातून देणे. त्याच्या वरच्या कार्डात दोनच ओळी. “तुझे पत्र पोचले. वाचून फाडले. घरातील सर्वांच्या आंघोळी झाल्या. तू धीर धर.” आणि त्यानंतरच्या एकाही कार्डात सूनबाई नाही. माझी आई सुंठीच्या कार्डात आहे आणि पुढच्या कार्डात नाही, एवढीच ती तारेवर गेलेली आहे. मी ते कार्ड हातात धरून बराच वेळ बसले. आईसाठी मी कधी रडले नव्हते, त्या दिवशी रडले. आत्याने राखेचे हात धुतले, माझ्याजवळ आली, कार्डाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

पुढच्या रविवारी मला दुसरं तसलंच कार्ड मिळालं.

तेही आजोबांचंच, फाळणीनंतरच्या हिवाळ्यातलं. “तुझे पत्र पोचले. वाचून फाडले. घरातील सर्वांच्या आंघोळी झाल्या. बाकी तू सुज्ञ आहेस.” त्याच्या खालच्या प्रत्येक कार्डाचा शेवट एकच असायचा, जावईबापूंची कराचीची खुशाली कळवणे. वरची कार्डं मी एकामागून एक पाहिली. आत्याला आशीर्वाद होता, मला पापा होता, म्हशीची खबर होती. जावईबापूंची खुशाली त्यानंतर आजोबांनी एकदाही विचारली नव्हती.

आणि मग मला ती संध्याकाळ आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. बाबा कामावरून आले, जिन्यातच पोस्टमन भेटला. ते वर आलेच नाहीत. खाली नळावर कपड्यांनिशी बसले आणि डोक्यावर थंड पाणी ओतत राहिले. थंडीचे दिवस होते, आजूबाजूचे लोक हसत होते. मी गॅलरीतून ओरडून विचारलं, तर म्हणाले, अंगाला कापूस चिकटलाय. आत्या पंचा घेऊन खाली गेली होती. बस, एवढंच आठवत होतं आणि ते इतकी वर्षं मला मजेचं वाटत आलं होतं.

म्हणजे बाबांना कळलं होतं. कराचीहून कोणीतरी कळवलं, त्यांनी ते फाडलं, आंघोळ केली, काकांना लिहिलं, काकांनी ते फाडलं. दोन घरांत आंघोळी झाल्या आणि जिची आंघोळ पहिली व्हायला हवी होती तिला पंचा आणायला लावला. का सांगितलं नाही? मला बाबांचा भयंकर राग आला. मग वाटलं, उद्या सांगू म्हणून ठेवलं असेल आणि तो उद्या बारा वर्षं आलाच नसेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुंकू लावताना पाहिलं असेल आणि धीर झाला नसेल. मला तरी कुठे होत होता? विचारायला आता ना बाबा होते ना आजोबा.

माझ्या हातात काय होतं? ते कार्ड वाचून दाखवलं तर आत्याचा नवरा जाणार आणि सोबत भाऊही जाणार, ज्याच्यावर तिने डोळे मिटून भरवसा ठेवला तो. नाही दाखवलं तरी चैत्र संपल्यावर पळसाचा पुतळा जळणारच. मी बोलले काय आणि न बोलले काय, कुंकू पुसलं जाणार होतं. इतकी शिकलेली मी, आणि माझ्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला की तिच्या आधी मला कळलं.

“गावलां काय?” आत्याने चुलीपाशी बसून विचारलं.

“नाही गं.”

तिने भाकरी उलटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझां अक्षर बरां आसा. तूच लिव एक. तेच्या नावान.”

मला आधी वाटलं, ती गंमत करते आहे. ती करत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी खरोखरच जांभळी पेन्सिल विकत आणली. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत रद्दी कागदावर आतोबांचं अक्षर गिरवलं. खोली मिळाली आहे, असं लिहिलं. वळण छान जमलं होतं, मलाच भीती वाटावी इतकं. आणि मग लक्षात आलं.

संध्याकाळी मी म्हटलं, “आत्या, पण शिक्का? कराचीच्या पोस्टाचा शिक्का मी कुठून आणू?”

तिने थोडा विचार केला. “मगे रवांदे,” म्हणाली आणि पीठ मळायला घेतलं.

त्या दिवसांत आमच्या भागात कोणाला दुसरं काही सुचत नव्हतं. राज्य मिळणार हे नक्की झालं होतं, मुंबईसकट. नाक्यानाक्यावर कमानी उभ्या राहत होत्या, चाळीतली पोरं गॅलरीच्या कठड्याला पताका बांधत होती. नकाशावर कोणाची रेघ कुठे जायची यावर वर्षानुवर्षं लोक भांडले, मार खाल्ला, जीव दिले, आणि शेवटी रेघ आपल्या बाजूने पडली. मलाही आनंद होता, नव्हता असं नाही. पण आतोबांच्या आणि आत्याच्या मधून जी रेघ गेली, तिच्याबद्दल आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

चैत्र संपला आणि दीर आले. वाळकेश्वरला बाणगंगेवर विधी ठरला. आदल्या दिवशी चाळीतल्या बायका आत्याला विचारायला आल्या, नव्या राज्याच्या मिरवणुकीला ओवाळायला पाच सवाष्णी हव्यात, पहिलं ताट तुमचं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आत्या म्हणाली, माका नाय जमाचां, आणि दार लोटलं.

पुरुष सकाळी गेले आणि दुपारी ओल्या अंगाने परत आले. घरात मी आणि आत्या, आणि शेजारची एक म्हातारी जिने तिच्या बांगड्या काढल्या. फोडू दिल्या नाहीत आत्याने, एकेक करून काढायला लावल्या. तिचं कपाळ मी पहिल्यांदा रिकामं पाहिलं. कुंकवाच्या जागची कातडी गोरी होती.

दीर दमून भिंतीला टेकले. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून कोरी कार्डं काढून माझ्यापुढे ठेवली. नातेवाइकांना कळवायचं होतं. “तुझां अक्षर बरां आसा,” तेही म्हणाले. “वर श्री घालू नको हां.”

मी लिहायला बसले. पेन हातात घेतलं आणि पहिल्याच कार्डावर सवयीने श्री लिहून बसले. लहानपणापासूनचा हात, त्याला काय कळतंय? त्याखाली मजकूरही लिहून झाला आणि मग दिरांच्या नजरेला पडलं. ते चुकचुकले. “तां फुकट गेलां. दुसरां घी.”

आत्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती वळली. “रवांदे. तां माका दी.”

दिरांना वाटलं, देवाचं नाव आहे म्हणून ती पायदळी जाऊ देत नाही. मी बाकीची कार्डं लिहिली, कोणत्याही कार्डावर श्री न लिहिता. वाचणारे सगळे ती फाडणार होते. दीर ती घेऊन पोस्टाच्या पेटीकडे गेले आणि खोलीत आम्ही दोघीच उरलो. खाली कमानीचे दिवे लावून बघत होते, रस्त्यावरून पोरांचा ओरडा ऐकू येत होता.

आत्याने कार्ड माझ्या हातात दिलं. “वाच.”

मी वाचलं. तुमचे अमुक नातलग कराची मुक्कामी वारले, कळावे. तिघा-चौघांच्या माहितीसाठी लिहिलेलं कोरडं वाक्य. तिने ते नीट ऐकून घेतलं, एकदा पुन्हा वाचायला लावलं. मग कार्ड परत घेतलं.

“तुझ्या बापाशीन माझां फाडल्यान,” ती म्हणाली. “त्या सांजेक पंचो मीच नेलंय. तेना सांगल्यान नाय, म्हणान मी इचारूक नाय. ह्यां मी फाडतंय.”

बारा वर्षं ती ओळखून होती, आणि बारा वर्षं ती कोणीतरी सांगायची वाट पाहत होती.

तिने आधी कार्डाची वरची पट्टी नखाने दुमडून अलगद वेगळी केली, जिच्यावर श्री होतं तेवढीच. उरलेल्याचे बारीक तुकडे केले आणि ओंजळीत धरून मोरीत गेली. आतून पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. ती पट्टी तिने माझ्या मांडीवर ठेवली होती. काय करू ते मला सुचेना, म्हणून मी उठले आणि तारेचं टोक तिच्यात खुपसून ती खाली सरकवली, बाबांनी लावलेल्या शेवटच्या कार्डावर. आतोबा गेल्याचा आमच्याकडे तेवढाच कागद आहे.